एका भागात एक खरं वाक्य

बाईंनी अक्काचं काम का सोडलं, हे मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की मी एक उत्तर तयारच ठेवलंय. "पाय दुखायचे त्यांचे," म्हणते आणि पुढच्या पेशंटकडे वळते. लोकांचं समाधान होतं. माझ्या नणंदेचं मात्र होत नाही. ती म्हणते, "पाय दुखतात म्हणून कुणी एवढं नाव सोडतं का? सगळा महाराष्ट्र ओळखत होता! काहीतरी भांडणच झालं असणार." भांडण झालंच होतं. पण नणंदेच्या डोक्यात आहे तसलं नव्हे, आणि ते सांगायचं तर आधी बाई कोण ते सांगावं लागेल.

मी नर्स म्हणून पहिल्यांदा लागले ती भडगावच्या सरकारी दवाखान्यात. बाई तिथे बाळंतपणाच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. मूळच्या धुळ्याच्या. ठेंगण्या, रुंद, आणि चालायला लागल्या की आधी चपलांचा आवाज यायचा, मग बाई. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "कुठली गं तू?"

"सावद्याची."

"केळीवाल्यांची?"

"हो."

"म्हणजे वारा आला की वाकणार. इथे वाकायचं नाही. बाळंतिणीची सासू कितीही ओरडली तरी वाकायचं नाही. हात दाखव."

मी हात पुढे केले. त्यांनी माझी नखं बघितली आणि मला खोलीवर परत पाठवलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी हजेरी लावायच्या आत नखं कापायला माघारी गेलेली मी एकटीच असेन. त्या दिवशी मी बाईंना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

बाईंचं हात धुणं हा एक कार्यक्रमच असायचा. तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. तोंडाने आकडे मोजत धुवायच्या, आणि मध्ये कुणी बोललं की पुन्हा एकपासून. आम्ही पोरी मुद्दाम मध्ये बोलायचो. मग त्या पुन्हा मोजायच्या आणि आमच्याकडूनही पुन्हा मोजून घ्यायच्या, म्हणजे खोडी आमच्याच अंगाशी.

पर्समध्ये त्यांच्या कायम एक ताणकाटा असायचा, बाळं झोळीत घालून तोलायचा. बाजारात गेल्या की भाजीवाल्याच्या तागडीवर त्यांचा विश्वास नसायचा. कोबीचा गड्डा स्वतःच्या काट्याला लावायच्या आणि मान डोलवायच्या, "पावणेतीन. छान वजन आहे." कोबी लहान निघाला तर चेहरा पडायचा. "हे आठव्या महिन्यातलं दिसतंय," म्हणून तो परत ठेवायच्या. भाजीवालीला आधी राग यायचा, पुढे पुढे तीच मोठे गड्डे बाजूला काढून ठेवायला लागली.

आणि त्यांचं ते पेटंट वाक्य, "नातेवाईक बाहेर!" बाळंतपणाच्या खोलीपुढे चाळीस माणसं जमली तरी बाई हे एकदाच म्हणायच्या आणि व्हरांडा मोकळा व्हायचा. एकदा त्यांच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात स्टेजवर गर्दी झाली. नवरा-नवरी दिसेनात. खालून बाई गरजल्या, "नातेवाईक बाहेर!" आणि अहो, सगळे उतरले की! नवऱ्याचा बापसुद्धा खाली येऊन उभा राहिला.

दवाखान्याबाहेर बाईंना एकच नाद, नाटक. हौशी मंडळी जिथे नाटक बसवतील तिथे बाई ड्यूटी सांभाळून हजर. पारोळ्याला एका प्रयोगात मी पहिल्या रांगेत होते. बाई नवऱ्याच्या प्रेताजवळ बसून बोलतायत, सगळं सभागृह स्तब्ध. तेवढ्यात मागे कुठेतरी एक तान्हं खोकायला लागलं. बाई थांबल्या. प्रेक्षकांकडे वळून म्हणाल्या, "तिसऱ्या रांगेतली ताई, बाळाला उभं धर. दूध नाकात गेलंय त्याच्या. पाठीवर हळू थोपट. हां." आणि वळून पुन्हा नवऱ्याच्या प्रेताशी बोलायला लागल्या. लोक हसलेसुद्धा नाहीत. उलट नंतर म्हणाले, काय काम केलं बाईनं!

त्या निवृत्त होऊन धुळ्याला गेल्या आणि माझी बदली जळगावला झाली, नवजात बाळांच्या वॉर्डात. फोन मात्र रोजचा. एक दिवस फोनवर म्हणाल्या, "अगं, मुंबईहून टीव्ही मालिकेची माणसं आलीयत. गावाकडचा चेहरा पाहिजे म्हणे. माझा चेहरा गावाकडचा आहे का गं?" मी म्हटलं, "बाई, तुमचा चेहरा ओपीडीचा आहे."

निवड कशी झाली ते त्यांनीच सांगितलं. त्या मंडळींनी सांगितलं, समजा या खोलीत एक बाई अडलीय आणि तुम्ही नर्स आहात, करून दाखवा. बाईंनी समोर बसलेल्या माणसालाच विचारलं, "कितवा महिना? नोंदणी केली होती का? आधीचं बाळंतपण कसं झालं?" तो बिचारा डायरेक्टर. ततपप करायला लागला. "काही माहीत नाही आणि आलात मिरवत! नातेवाईक बाहेर!" डायरेक्टर, कॅमेरावाला, सगळे दाराबाहेर. बाईंनी आतून कडी लावली. बाहेरच्या बाहेर त्यांची निवड झाली.

मालिकेत त्यांची भूमिका होती अक्काची, म्हणजे एका खेड्यातल्या म्हाताऱ्या नर्सची. अक्काला एक सून, ती नायिका. खरं म्हणजे गोष्ट सगळी सुनेची, अक्काने मधूनमधून चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या एवढंच. पण दोन महिन्यांत सून राहिली बाजूला आणि लोक अक्कासाठी टीव्ही लावायला लागले. शूटिंग नाशिकच्या अलीकडे एका गावात. महिन्याचे पंधरा-सोळा दिवस बाई तिकडे, बाकीचे धुळ्याला. एसटीत कंडक्टर त्यांना उभं राहू देत नसे. "अक्का, बसा," म्हणून लोक उठायचे. बाई बसायच्या आणि वर म्हणायच्या, "मी अक्का नाही. मी सिस्टर."

सेटवर त्यांनी काय छळ मांडला असेल, मी कल्पना करू शकते. रबराच्या बाहुलीची मान नायिकेनं नीट धरली नाही की बाई संवाद सोडून ओरडायच्या, "मान धर, मान!" अक्का बाळंतपणाला निघाली की हात धुणार म्हणजे धुणारच, आणि तेही मोजून. डायरेक्टर हात जोडायचा, "अक्का, ब्रेकआधी पाचच सेकंद आहेत हो या शॉटला." बाई म्हणायच्या, "मग ब्रेकनंतर बाळ जन्माला घाला. मला काही घाई नाही."

बाई बौद्ध. घरी देव नाहीत. मालिकेतली अक्का मात्र प्रत्येक बाळंतपणाआधी देवघरापुढे आरती करायची. त्यांच्या वस्तीत कुजबूज झाली. विहारात एका भाऊंनी सगळ्यांसमोर विचारलंच, "सिस्टर, तुम्ही टीव्हीत आरती करता?" बाई म्हणाल्या, "आरती अक्का करते, भाऊ. तबक खाली ठेवून हात धुते ना, ती मी." भाऊंना ते पटलं. बाईंच्या मनात हा हिशेब पहिल्यापासून स्वच्छ होता. नमस्कार, आरती, रडणं, बेशुद्ध पडणं हे सगळं नाटक, ते सांगाल तसं करीन. औषध सांगणं हे नाटक नाही.

म्हणून त्यांनी एक नेम धरला होता, एका भागात एक खरं वाक्य. कथानक कुठेही जाऊ दे, कुणी कुणाला इस्टेटीसाठी विष घालू दे, अक्का मध्येच बोलून जायची, "पोरी, गोळ्या संपल्या का लोहाच्या? संपल्या तर आणायला सांग." संवाद लिहिणारी एक मुलगी होती, पुण्याची. ती सुरुवातीला वैतागली, मग तिलाच गोडी लागली. ती बाईंसाठी जागा ठेवायला लागली.

मी एकदा विचारलं, "बाई, या वयात सोळा-सोळा तास उभं राहायचं, दिवसभर तोंडाला रंग, कशाला करता? नावासाठी?"

"नाव गेलं खड्ड्यात," बाई म्हणाल्या. "अगं, तेहेतीस वर्षं ओपीडीत घसा कोरडा केला. बाळंतिणीला पहिलं चिकाचं दूध पाजा, फेकू नका, किती वेळा सांगितलं असेल आपण? सासवा आपल्या देखत पिळून फेकायच्या. आणि परवा अक्कानं एकदा सांगितलं तर काय झालं?"

काय झालं ते मला माहीत होतं, कारण ते माझ्याच वॉर्डात झालं होतं. आदल्या आठवड्यात अक्कानं मालिकेतल्या सासूला झापलं होतं, "पिवळट दिसतं म्हणून फेकतेस? अगं, ते पहिलं लसीकरण आहे बाळाचं!" आणि त्या आठवड्यात तीन सासवा मला स्वतःहून म्हणाल्या, "ताई, अक्का म्हणे पहिलं दूध पाजाचं." मी पदवी घेतलेली नर्स, युनिफॉर्म घालून दहा वर्षं तेच सांगतेय, माझं कुणी ऐकलं नाही! राग आला मला, खरं सांगते. पण फोन लावून बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, "आता मला हे काम सोडता यायचं नाही गं."

तर अशी ती अक्का. लोकांचा तिच्यावर डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास. आणि मग तो माळेचा भाग आला.

गोष्टीत सुनेला बाळ झालं होतं आणि बाळाला कावीळ होते असं दाखवायचं होतं. अक्का रानात जाते, झाडपाल्याच्या काड्यांची माळ करून आणते, बाळाच्या गळ्यात बांधते, आणि दोन भागांत बाळ खडखडीत. काविळीची माळ आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. गळ्यातली माळ लांबत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. मोठ्या माणसाची बरीच कावीळ नुसत्या आरामानंही उतरते, म्हणून माळेला जस मिळतं. तान्ह्याचं तसं नसतं. तळव्यांपर्यंत पिवळं झालेलं बाळ एक दिवस घरी ठेवलं तर मेंदूला, कानांना बाधतं, आणि ते मग कुणाच्या बापाला दुरुस्त करता येत नाही.

बाई अडून बसल्या. माळ बांधणार नाही. अर्धा दिवस शूटिंग थांबलं. शेवटी त्या लिहिणाऱ्या मुलीनं तोड काढली. अक्का माळ बांधेल, पण बांधताना म्हणेल, "आजीच्या समाधानाला ही माळ असू दे गळ्यात. पण बाळाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या." बाईंना ते पटलं. त्यांनी माळ बांधली आणि वाक्य बोलल्या.

भाग लागला तेव्हा बाई धुळ्याला होत्या. ताटात कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन टीव्हीसमोर बसल्या होत्या. अक्कानं माळ बांधली. बासरी वाजली. बाळ हसलं. जाहिरात लागली. वाक्य नव्हतंच. बाईंनी लगेच फोन केला. तिकडून कुणीतरी म्हणालं, "अहो अक्का, भाग लांबत होता. एक वाक्य तर गेलं."

आणि इथे बाई चुकल्या. हे मी म्हणत नाही, त्याच म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी सेटवर आकांत मांडायला हवा होता. पण दुसऱ्या दिवशी शूटिंग होतं, एक जुनी नटी त्यांना भेटायला म्हणून मुद्दाम आली होती, सगळे कौतुक करत होते, आणि बाईंनी मनाशी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या आठवड्यात कुठेतरी घालू ते वाक्य. मला फोनवर हेच म्हणाल्या. मीही म्हटलं, हो, घाला पुढच्या आठवड्यात. दोघींना कावीळ म्हणजे काय ते माहीत होतं आणि दोघींनी जाऊ दे म्हटलं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, भर दुपारी, भडगाव तालुक्यातल्या गिरणाकाठच्या एका खेड्यातून एक जोडपं माझ्या वॉर्डात आलं. सहा दिवसांची मुलगी. फडकं बाजूला केलं तर बाळ हळदीत बुडवल्यासारखं. पाठ मागे ताणलेली, रडणं चिरकं. आणि गळ्यात काड्यांची माळ. मी ओरडलेच त्या बापावर, "आजवर काय करत होतास रे?" तो तिशीच्या आतला, शेतमजुरी करणारा. कानकोंडा होऊन आपल्या अहिराणीत म्हणाला, "ताई, टीव्हीमा अक्कानी बांधी ना माळ. आम्ही बी बांधी. दोन रोजमा उतरी जाई म्हनीसन थांबनूत."

बाळाचं रक्त बदलावं लागलं. मी बाईंना फोन केला तेव्हा काय बोलले ते आठवत नाही. बाई मिळेल त्या एसटीनं जळगावला आल्या. त्या कॉरिडॉरमधून चालत आल्या तर पेशंटांचे नातेवाईक उठून उभे राहायला लागले, "अक्का उनी, अक्का उनी!" बाईंनी कुणाकडे पाहिलं नाही. काचेपाशी उभ्या राहिल्या. त्या पोरीची आई भिंतीशी टेकून बसली होती. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. मी बाईंना तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा हात न धुता उभं राहिलेलं पाहिलं.

पोर जगली. सगळ्यांनी हुश्श केलं. चौथ्या महिन्यात तपासणीला आणली तेव्हा बाई मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी पोरीच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. पोर समोर बघून हसत होती. पुन्हा वाजवली. मग स्टीलचं भांडं घेऊन फरशीवर आपटलं. सगळा वॉर्ड दचकला, पोर नाही. पुढे तपासण्या झाल्या, कागद झाले, पण आम्हाला दोघींना तिथेच कळलं होतं.

मी म्हटलं, "बाई, सोडा ती मालिका. आजच्या आज सोडा."

बाई म्हणाल्या, "सोडून कसं चालेल? मी सोडली तर ते दुसरी बाई आणतील. खाली पट्टी येईल, आता अक्काच्या भूमिकेत अमुक अमुक. चार दिवसांत लोक तिला अक्का म्हणतील. मग ते वाक्य कोण बोलेल? ज्या अक्कानं माळ बांधली तिच्याच तोंडानं नको म्हटलं पाहिजे. त्याशिवाय मी हलत नाही."

आणि बाई राहिल्या. लोकांना वाटायचं, मजेत आहे बाई, पुरस्कार मिळतायत. मला माहीत होतं त्या कशासाठी राहिल्यायत. आठ महिने एका वाक्यासाठी. तिकडचे म्हणायचे, काविळीचा ट्रॅक संपला, आता लग्नाचा ट्रॅक आहे, प्रेक्षकांना मागे नेता येत नाही. बरं, म्हणाल्या बाई. लग्नाचा तर लग्नाचा. हळदीच्या प्रसंगात नवरीच्या गालाला हळद लावता लावता अक्का बोलली, "नवरी पिवळी शोभते गं, पण बाळ पिवळं दिसलं तर माळ बांधायची नाही, दवाखाना गाठायचा!" सगळा सेट हसला. वाक्य कापलं. डोहाळजेवणात बोलल्या, कापलं. दिवाळीच्या भागात आकाशकंदील लावताना बोलल्या, तेही कापलं. मी फोनवर म्हणायचे, "बाई, थकत नाही का?" "तू सावद्याची," एवढंच म्हणायच्या.

गुरुवारी शूटिंग नसेल तेव्हा बाई त्या पोरीच्या खेड्यात जायच्या. पोरीला कानाचं मशीन मिळवून दिलं, जळगावला बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका ताईंकडे तिला आईसोबत स्वतः घेऊन जायच्या. पोरीची आई बरोबर यायची, पण बाईंशी कामापुरतंच बोलायची.

शेवटी बाईंनीच डाव टाकला. कळवलं, मी काम सोडतेय. तिकडे एकच धावपळ. दुसरी बाई आणायची तर आता पुरस्कारांनंतर अक्का म्हणजे बाईच, लोक स्वीकारणार नाहीत. मग ठरलं की अक्काला मारायचं. रविवारी मोठा भाग, अक्काचं मरण. जाहिराती सुरू झाल्या, "अक्का जाणार?" माझ्या वॉर्डातल्या बाया मला विचारून विचारून हैराण करायच्या. बाईंनी सांगितलं, "मरते. पण शेवटचं वाक्य माझं." हो हो, म्हणाले सगळे. हो हो म्हणजे काय ते बाईंना आता कळत होतं.

त्या लिहिणाऱ्या मुलीनंच त्यांना बाजूला घेऊन मर्म सांगितलं. "अक्का, वाक्य शेवटी असलं की कापतात, सुरुवातीला असलं की कापतात. मध्ये घाला. असं घाला की ते काढलं तर पुढचं वाक्य लंगडं पडेल. आणि सुनेचा चेहरा हातात धरून बोला, म्हणजे शॉट तोडता येत नाही." दोघींनी चहाच्या टपरीवर बसून ते मरण बांधलं.

शूटिंगच्या दिवशी अक्का खाटेवर. सून उशाशी. बाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि एका श्वासात बोलल्या, "पोरी, मी एक पाप केलं, तान्ह्याच्या गळ्यात माळ बांधली. बाळ पिवळं दिसलं की माळ नको, त्याच दिवशी दवाखाना. हे घरोघर सांगशील तेव्हा मी सुटेन." आणि डोळे मिटले. ती नायिका खरीच रडायला लागली. मग डायरेक्टर म्हणाला, "अप्रतिम! अक्का, एकदा अजून घेऊ, ते माळेचं सोडून, थोडक्यात. आपल्या सेफ्टीसाठी."

बाई खाटेवरून उठल्या. पांढऱ्या केसांचा टोप काढला आणि मेकअपवाल्या दादांच्या हातात दिला. "माणूस एकदाच मरतं," म्हणाल्या, आणि चपला घालून एसटी स्टँडवर गेल्या. मागून लोक हाका मारत होते. बाईंनी मागे पाहिलं नाही.

रविवारी मला घेऊन बाई त्या पोरीच्या घरी गेल्या. "लागेल का गं वाक्य?" रस्ताभर एकच प्रश्न. त्या एका खोलीच्या घरात अर्धं गाव जमलं होतं, कारण खुद्द अक्काच्या शेजारी बसून अक्काचं मरण बघायचं होतं. संध्याकाळची वेळ. पोरीची आई चुलीपाशी. पोर बाईंच्या मांडीवर.

लागलं. पूर्ण लागलं. चेहरा हातात, एका श्वासात, माळ नको, त्याच दिवशी दवाखाना. एक शब्द गेला नव्हता. घरातल्या बाया ओक्साबोक्शी रडायला लागल्या. एक म्हातारी तर जिवंत बाईंच्या गळ्यात पडली, "अक्का गयी वं माय!" मी पण रडत होते, पण आनंदानं. जिंकलो असं वाटत होतं मला. बाईंकडे पाहिलं तर त्यांचे डोळे कोरडे. त्या चुलीकडे बघत होत्या.

माणसं उठून गेली. टीव्ही बंद झाला. पोरीची आई जागची हलली नव्हती. तिच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं. ती पहिल्यांदाच बाईंकडे सरळ बघून बोलली.

"आते सांगं तुम्ही. तवय का बरं नही सांगं?"

मला राहवेना. मी तोंड उघडलं, की अगं, बाई बोलल्या होत्या तेव्हाही, त्या लोकांनी कापलं, आठ महिने झगडल्या गं या तुझ्यासाठी. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला दाबून धरलं. दुखलं मला. आणि त्या तिला म्हणाल्या, "मनी चूक व्हयनी, माय."

चुलीवर दूध ठेवलेलं होतं ते वर आलं, तिनं उतरवलं. पोर मांडीवर उभी राहून बाईंच्या गालांना हात लावत होती. तिच्या आईनं वाटीत दूध काढलं, फुंकर घालून निववलं, आणि पोरीला घ्यायला जवळ आली. मला वाटलं, आता ही पोर ओढून घेणार आणि आम्हाला जा म्हणणार. ती वाकली, पण तिनं पोरीला घेतलं नाही. वाटी बाईंच्या हातात दिली.

"गुरुवारले पोरनं मशीन दखाडाले लई जानं शे," ती म्हणाली. "येश्यात ना? आते तं तुम्हनं काम बी सुटनं."

"येसू," बाई म्हणाल्या. मग वॉर्डातल्या आवाजात, "पहिली एसटी धरा. पोरले खावाडीसन आना. उपाशी पोर डॉक्टरले हात लावू देस नही."